गोठ्यातली बाटली, घरातले मांजर

कोल्हापूर जिल्ह्यात गोचिडांचे औषध शोधत हिंडावे लागत नाही. १९६३ साली स्थापन झालेला जिल्हा दूध संघ, ज्याला सगळे ‘गोकुळ’ म्हणूनच ओळखतात, आणि वारणेसारखे त्याचे शेजारी संघ यांच्यामुळे गावोगाव दूध संस्था उभ्या राहिल्या. त्यांच्या मागोमाग जनावरांचे डॉक्टर आले, पशुखाद्य आले आणि जनावरांच्या औषधांची दुकानेही आली. करवीर-कागलपासून चंदगड-गगनबावड्यापर्यंत ज्या घरी म्हैस आहे, त्या घरी गोठ्याच्या फळीवर डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन किंवा अमिट्राझची अर्धी संपलेली बाटली सापडण्याची शक्यता बरीच. म्हशीच्या कासेजवळ, शेपटीच्या बुडाशी गोचीड दिसले की बाटलीतले औषध पाण्यात घालायचे आणि अंगावर फवारायचे, ही रीत आता अंगवळणी पडली आहे, आणि म्हशीपुरती ती बरोबरही आहे. अडचण त्याच गोठ्यातल्या दुसऱ्या जिवाची. वैरणीच्या गंजीत भाटी व्यालेली असते, पावसाळ्याच्या दमट दिवसांत तिच्या आणि पिल्लांच्या अंगात पिसवा होतात आणि घरातल्या कोणाचा तरी हात सवयीने त्याच बाटलीकडे जातो. शहरात म्हैस नसली तरी कुत्रा असतो. राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये कुत्र्याच्या मानेवर टाकून उरलेले थेंब मांजराच्या मानेवर पडतात. दोन्हीकडे मनात एकच असते, की बिचारे खाजवून हैराण झाले आहे, त्याला सुटका मिळावी.

मग काही तासांनी मांजराचे कान आणि मिशांजवळची कातडी थरथरू लागते, तोंडातून लाळ गळते, चालताना मागचे पाय लटपटतात. नुसता हात लावला तरी ते दचकते. पुढे सगळे अंग कापू लागते, ताप चढतो आणि झटके येतात. याला आपल्याकडे ‘मांजराला औषध सोसले नाही’ असे म्हणतात, आणि हे म्हणणे वरवर निरुपद्रवी वाटले तरी त्यात दोष मांजराकडे जातो. जणू हे मांजर जरा नाजूक निघाले, दुसरे एखादे तगले असते. माझे म्हणणे असे, की मांजरांमधल्या अशा गंभीर घटनांपैकी बहुतेकांत नशिबाचा किंवा नाजूकपणाचा भाग फार थोडा असतो. दुसऱ्या प्राण्यासाठी बनवलेले औषध दिले गेलेले असते, आणि जे होते ते आधी सांगता येण्याजोगे असते. तरी ते टळत नाही, कारण औषधाच्या बाबतीत आपण प्राण्यांकडे लहान-मोठे म्हणून पाहतो. म्हशीला इतके, मग कुत्र्याला त्याहून कमी, मांजराला अगदी दोन थेंब. हा त्रैराशिकाचा हिशेब जिथे चुकतो, ते ठिकाण मांजराच्या यकृतात आहे.

यांतली डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन ही औषधे ज्या कुळातली आहेत त्याला पायरेथ्रॉइड म्हणतात. शेवंतीच्या जातकुळीतल्या एका फुलापासून पायरेथ्रम नावाचे कीटकनाशक पूर्वीपासून काढले जाई. ते उन्हात टिकत नसे. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड येथील संशोधन केंद्रात मायकेल इलियट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली पर्मेथ्रिन आणि पुढच्याच वर्षी डेल्टामेथ्रिन तयार केले, आणि उन्हापावसात टिकणारे कीटकनाशक शेताला, गोठ्याला, घराला मिळाले. नसांच्या पेशींवर सोडियमला आत सोडणारी सूक्ष्म दारे असतात. ती उघडून लगेच मिटली की एक संदेश पुढे जातो. पायरेथ्रॉइडमुळे ती मिटायला उशीर लागतो, नस पुन्हा पुन्हा पेटत राहते, कीटक तडफडतो आणि मरतो. सस्तन प्राण्यांच्या नसांनाही ही द्रव्ये धरतात, पण आपले, कुत्र्याचे, म्हशीचे शरीर ती भराभर मोडून बाहेर टाकते. मोडलेल्या तुकड्यांना ग्लुक्युरोनिक आम्ल जोडून ते पाण्यात विरघळतील असे करणे, ही त्या कामातली एक महत्त्वाची पायरी. मांजरात नेमकी तीच लंगडी आहे. या पायरीतले एक मोठे विकर बनवणारे यूजीटी-१-ए-६ नावाचे जनुक मांजरात निकामी झालेले आहे, आणि पर्मेथ्रिन मांजरांना इतके का बाधते याचे मुख्य कारण हेच मानले जाते.

हे जनुक एखाद्या जातीच्या मांजरात बिघडले आहे असेही नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मार्जारकुळातले जे जे प्राणी तपासले, त्या सगळ्यांत ते मोडलेले आढळले. म्हणजे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पातला वाघ-बिबट्या आणि शाहूपुरीतला बोका या बाबतीत भाऊबंद आहेत. संशोधकांचा तर्क असा, की या विकराचा मोठा उपयोग वनस्पतींमधली विषारी द्रव्ये मोडण्यासाठी होतो. लाखो वर्षे निव्वळ मांसावर जगणाऱ्या कुळाला त्याची गरज उरली नाही, आणि जनुक मोडले तरी कोणाचे काही अडले नाही. अडले ते माणसाने औषधांच्या बाटल्या भरायला सुरुवात केल्यावर. पॅरासिटामॉल हा याचा सर्वांत ढळढळीत पुरावा. तापाची जी गोळी घरातले मूलही पचवते, तिची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते, आणि त्यामागे मुख्यतः हीच उणीव आहे. तेव्हा पर्मेथ्रिनला विष म्हणायचे की औषध, हा वाद निरर्थक आहे. कोणाच्या अंगावर, एवढेच विचारायचे.

आकड्यांकडे पाहिले तर शंकेला फारशी जागा राहत नाही. लंडनच्या पशुवैद्यकीय विषबाधा माहिती सेवेकडे आलेल्या, कुत्र्यांच्या पर्मेथ्रिन थेंबांमुळे मांजरांना झालेल्या २८६ घटनांचा आढावा २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या जवळजवळ ९७ टक्के मांजरांना लक्षणे दिसली, ८७.८ टक्के मांजरांत थरथर, स्नायूंचे आचके किंवा झटके होते आणि १०.५ टक्के दगावली. ऑस्ट्रेलियातल्या पशुवैद्यांना विचारून २०१० साली असेच एक सर्वेक्षण प्रसिद्ध झाले. त्यात ७५० मांजरांची आणि १६६ मृत्यूंची नोंद आहे, आणि मेलेल्यांत उपचारांचा खर्च मालकाला झेपला नाही म्हणून ज्यांना कायमचे शांत करावे लागले अशीही मांजरे आहेत. हे दोन्ही देश असे, जिथे पाकिटावर छापलेले वाचण्याची सवय आहे आणि छापलेले लोकांच्या भाषेतही आहे. तरीही हे घडले.

आपल्याकडच्या वस्तूंचा साधा हिशेब मांडून पाहावा. परदेशातल्या कुत्र्यांच्या थेंबांत पर्मेथ्रिन ४५ ते ६५ टक्के असते. आपल्या घरात ते त्याहून कितीतरी सौम्य रूपात येते, खरजेच्या मलमात. हे मलम ५ टक्क्यांचे, म्हणजे एका ग्रॅममध्ये ५० मिलिग्रॅम औषध. मांजराच्या कानाला-डोक्याला खवडे पडले, माणसाच्या खरजेसारखेच दिसते म्हणून कोणी १० ग्रॅम मलम चोळले, तर तीन किलोच्या मांजराच्या अंगावर ५०० मिलिग्रॅम पर्मेथ्रिन बसते. किलोमागे दीडशेच्या वर. ‘माणसाला चालते, लहान मुलालाही लावतात’ हा युक्तिवाद इथे कामाचा नाही, हे वर आलेच. गोठ्याच्या बाटलीचे गणित वेगळे. ती बहुधा लिटरभर पाण्यात दोन-तीन मिलिलिटर अशी वापरायची असते. म्हणजे बुचातले एक मिलिलिटर न मिसळता चोळले तर फवारणीच्या तीनशे ते पाचशे मिलिलिटर पाण्यातले औषध एका बोटभर जागेत येते. मांजर पाण्याला बुजते, अंगावर फवारू देत नाही, म्हणून ‘दोन थेंब तसेच लावू’ हा मोह होतो, आणि तोच सर्वांत वाईट. अमिट्राझ या कुळातले नाही. त्याने मांजर थरथरत नाही, उलट सुस्तावते, नाडी मंदावते, अंग थंड पडते. लोकांना वाटते औषधाने आराम पडून झोपले आहे.

त्यात मांजर स्वतःला चाटते. हे सगळ्यांना माहीत असते आणि औषध लावताना कोणाच्या लक्षात नसते. म्हशीच्या पाठीवरचे औषध बहुतांश पाठीवरच राहते. मांजराच्या पाठीवरचे त्याच्या पोटात जाते. बरे, ही चाटण्याची खोड निरुपयोगीही नाही. कॅलिफोर्नियातल्या दोन संशोधकांनी पिसवा झालेल्या घरातल्या काही मांजरांच्या गळ्यात चाटता येऊ नये अशा रुंद कॉलरी घातल्या. तीन आठवड्यांनी त्यांच्या अंगावर मोकळ्या मांजरांच्या सुमारे दुप्पट पिसवा निघाल्या. म्हणजे मांजराचा पिसवांवरचा स्वतःचा उपाय आणि विष पोटात जाण्याची वाट ही एकच आहे. आपल्याकडे मांजरांवर गोचीड कुत्र्यांच्या मानाने कमी दिसतात, याचे श्रेयही बहुधा त्या खरखरीत जिभेला द्यायला हवे. आणि म्हणूनच मांजराला गोचिडांचे जहाल औषध लागण्याची वेळ मुळात क्वचित येते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: आम्ही वर्षानुवर्षे गोठा फवारतो, मांजर तिथेच असते, त्याला काही झालेले नाही. हे खरे असेल. पाण्यात नीट मिसळून फवारलेल्या, वाळलेल्या गोठ्यात मांजर वावरले तर बहुधा काही होत नाही. पण ‘काही झाले नाही’ ही नोंद कशी झाली तेही पाहावे लागेल. म्हैस आजारी पडली तर संध्याकाळच्या दुधातच कळते. गावातले मांजर तीन दिवस दिसले नाही तर ते कुठेतरी गेले असे धरतात. पायरेथ्रॉइडची लक्षणे कधी दोन-तीन तासांत दिसतात, कधी दुसऱ्या दिवशी. आजारी मांजराचा स्वभाव अडगळीत, उसात, माळ्यावर जाऊन दडण्याचा. जगलेले मांजर डोळ्यांसमोर असते, मेलेले नसते, आणि अनुभवाच्या वहीत फक्त जगलेल्यांची भर पडत जाते. शिवाय अनुभव सांगणारा बहुतेक वेळा फवारणीचा सांगतो आणि त्याच्या जोरावर न मिसळलेले औषध लावतो. या दोन गोष्टी एक नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक आवडीचा आहे: रसायने नकोतच, नैसर्गिक काहीतरी लावावे. पायरेथ्रम फुलातूनच आले, एवढे सांगून तो मिटत नाही, कारण कापूर, लवंगतेल, निलगिरी तेल, अलीकडचे टी ट्री ऑइल यांची घरोघरी चलती आहे. लवंगतेलातले युजेनॉल हे फिनॉल जातीचे द्रव्य आहे आणि फिनॉल बाहेर टाकण्यासाठी शरीराला नेमकी तीच मांजरात अधू असलेली पायरी लागते. मांसाहारी कुळाने वनस्पतींची विषे पचवण्याचे साधन गमावले असेल, तर वनस्पतींचे अर्क त्याच्या अंगावर ओतणे हा त्यावरचा उपाय कसा होईल? नैसर्गिक म्हणून वापरली जाणारी तेले मांजराच्या बाबतीत सर्वांत अनैसर्गिक ठरतात. खरजेवरचे जुने बेन्झिल बेन्झोएट त्याच रांगेतले. तेही मांजराला वर्ज्य.

तिसरा आक्षेप मात्र वजनाचा आहे, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिक होईल. मांजरांसाठीच बनवलेल्या, मांजरांवर तपासलेल्या औषधांनीही त्रास होतो, मग दोष सगळा वापरणाऱ्यावर का? त्रास होतो हे खरेच. फिप्रोनिलचे थेंब जीभ लागली तर चवीने तोंडाला फेस येतो. थेंब टाकल्या जागी केस झडतात, कातडी लाल होते. आयसॉक्सॅझोलिन नावाच्या नव्या वर्गाबाबत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०१८ मध्ये इशारा दिला, की काही कुत्र्या-मांजरांत स्नायूंची थरथर, तोल जाणे आणि झटके असे परिणाम दिसले आहेत. त्याच वेळी बहुसंख्य प्राण्यांत ही औषधे सुरक्षित आहेत असेही म्हटले. पूर्वी कधी झटके आलेले मांजर असेल तर डॉक्टरांना ते आधी सांगणे इथे फार महत्त्वाचे ठरते. पण हा धोका वेगळ्या जातीचा आहे. तो क्वचित येतो, कोणत्या मांजराला येईल हे आधी नेमके सांगता येत नाही, आणि त्यासाठी लक्ष ठेवणे, नोंद करणे, औषध बदलणे हे मार्ग आहेत. कुत्र्याचे पर्मेथ्रिन मांजराला लावल्यावर लंडनच्या नोंदींत शंभरातली सत्त्याण्णव मांजरे आजारी दिसतात. दोन्हींना एकाच ‘रिअ‍ॅक्शन’च्या खात्यात टाकले की पहिल्यामुळे चांगल्या औषधांची भीती बसते आणि दुसऱ्याला नशिबाचे पांघरूण मिळते. अर्थात लंडनच्या आकड्यांत सौम्य घटना कमी असणार, कारण मांजर ठणठणीत असताना विषबाधा केंद्राला फोन कोण करतो. तरीही चित्र फारसे बदलत नाही.

लहान-मोठे हा निकष किती फसवा आहे, याला मांजराबाहेरचेही दाखले आहेत. जे फिप्रोनिल मांजराच्या पिल्लाला ठरलेल्या वयानंतर चालते, ते मोठ्या सशाचा जीव घेऊ शकते. जे आयव्हरमेक्टिन म्हशी-मेंढ्यांना सर्रास टोचतात, ते कोली जातीच्या बऱ्याच कुत्र्यांना बाधते, कारण मेंदूत औषध शिरू न देणारे त्यांचे एक जनुक सदोष असते. आकाराच्या शिडीवर हे कुठेच बसत नाही.

तर मग पिसवांचे काय करायचे? काहीच न करणे हेही क्रूरच. चार आठवड्यांच्या पिल्लाच्या अंगावर पिसवांचा सुळसुळाट झाला तर रक्त कमी होऊन ते मरू शकते. पिसू गिळल्याने पट्टकृमी होतात. काही मांजरांना पिसवेच्या लाळेची ॲलर्जी असते आणि पाठ खाजवून सोलवटते. पण पिसवांचा मोठा भाग मांजराच्या अंगावर नसतोच. अंडी, अळ्या, कोष अंथरुणात, फटींत, वैरणीच्या भुश्यात असतात. अंगावर दिसतात त्या थोड्या. पावसाळ्याचा दमटपणा अळ्यांना मानवतो, म्हणून त्या दिवसांत कितीही औषध लावले तरी आठवड्यात पुन्हा पिसवा, आणि मग ‘जास्त जहाल’ औषधाचा शोध. त्याऐवजी गोणपाट, चादरी गरम पाण्यात धुऊन उन्हात टाकणे, मांजर झोपते ती जागा झाडून काढणे, लिखांच्या बारीक फणीने विंचरून पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवणे, हे कंटाळवाणे काम निम्मी लढाई जिंकते. फार लहान पिल्लांसाठी तर फणी हाच मुख्य उपाय. त्यावर मांजराचे वजन करून, मांजरासाठी असलेले औषध डॉक्टरांच्या सांगण्यावरून. मांजराच्या थेंबांची नळी महाग पडते ही तक्रार खोटी नाही. पण झटके येणाऱ्या मांजराला सलाइनवर ठेवण्याचा खर्च तिच्याशी ताडून पाहावा. घरात कुत्राही असेल तर त्याचे औषधही मांजराला चालणारे निवडावे. कुत्र्याच्या अंगाला अंग घासून किंवा त्याला चाटूनही विषबाधा होते.

सिंधुदुर्गात दोडामार्ग भागात २०१६ साली गोचिडांतून पसरणारा माकडताप आल्यापासून गोचीड म्हटले की घाटावरही धास्ती वाटते. त्या तापाचे गोचीड जंगलातल्या पालापाचोळ्यातले; घरच्या मांजराला औषधाने न्हाऊ घालून त्यापासून संरक्षण मिळत नाही.

म्हशीचे किंवा कुत्र्याचे औषध मांजराला चुकून लावले गेलेच, तर वेळ महत्त्वाची. कोमट पाणी आणि भांड्यांचा पातळ साबण यांनी औषध धुऊन काढावे. गरम पाण्याने कातडीतून औषध अधिक शोषले जाते, आणि गार पाण्याने अंग थंड पडून पायरेथ्रॉइडचा जोर उलट वाढतो, म्हणून कोमटच. धुऊन कोरडे करून टॉवेलात गुंडाळावे, चाटू देऊ नये. दूध, तूप, ताक, लिंबू यांतले काहीही पाजू नये; थरथरणाऱ्या मांजराच्या घशातले द्रव फुप्फुसात जाते, आणि स्निग्धात विरघळणाऱ्या विषाला दुधातली साय अडवत नाही. डॉक्टरांकडे जाताना बाटली किंवा नळी बरोबर न्यावी, कारण उपचार तिच्यावर ठरतात. पायरेथ्रॉइडवर उतारा नाही. मेथोकार्बामॉल, डायझेपामसारखी औषधे देऊन थरथर आणि झटके ताब्यात ठेवायचे आणि शरीराला वेळ द्यायचा. काही ठिकाणी शिरेतून स्निग्ध द्रव देतात. सेंद्रिय फॉस्फरसच्या कीटकनाशकावर ॲट्रोपिन हा उतारा असतो, तो इथे उपयोगी नाही. अमिट्राझचा मार्ग आणखी निराळा. वेळेत नेलेली बहुतेक मांजरे दोन-तीन दिवसांत सावरतात.

राहता राहिला प्रश्न व्यवस्थेचा. औषध नियमांप्रमाणे जनावरांच्या औषधावर ‘माणसांसाठी नाही, फक्त जनावरांच्या उपचारासाठी’ अशा अर्थाची ओळ आणि पाळीव जनावराच्या डोक्याचे चित्र छापणे बंधनकारक आहे. कायद्याने ठळकपणे आखलेली रेघ एवढीच, एका बाजूला माणूस आणि दुसऱ्या बाजूला बाकी सगळे. कोणत्या प्राण्यासाठी, किती, हे आत घडी घातलेल्या कागदावर बारीक अक्षरात असते, बहुधा इंग्रजीत, आणि खोके उघडल्या दिवशीच तो कागद हरवतो. पशुगणनेत तर मांजर नाहीच. २०१९ च्या गणनेत कुत्रा, ससा आणि हत्तीसुद्धा मोजले, मांजर मोजले नाही. औषधांचे दुष्परिणाम नोंदवण्याची भारतीय औषध दक्षता योजना २०१० पासून चालू आहे, ती माणसांच्या औषधांसाठी. अमेरिकेत २००८ या एका वर्षात पिसवा-गोचिडांच्या औषधांबद्दल ४४ हजारांवर तक्रारी नोंदल्या गेल्या, म्हणून तिथल्या पर्यावरण संस्थेला २०१० साली कुत्र्याचे आणि मांजराचे औषध वेगळे ओळखू येईल असे लेबल मागता आले. तिथेही मांजरांच्या बऱ्याच घटना कुत्र्याचे औषध वापरल्याच्याच निघाल्या. जिथे मोजणी नाही तिथे अशी मागणी कशाच्या आधारावर करायची?

कायदा बदलायला वेळ लागेल. दूध संस्थेच्या भिंतीवर लाळ्या-खुरकुताच्या लसीकरणाची सूचना मराठीत लागतेच. तिच्याशेजारी ‘गोचिडांचे हे औषध मांजराला लावू नये’ ही ओळ लावायला कोणाची परवानगी लागत नाही. आणि जनावरांच्या औषधांच्या दुकानात बाटली हातात देण्यापूर्वी ‘कशाला हवंय, म्हशीला का आणखी कशाला?’ एवढे विचारायला दुकानदाराला फार तर पाच सेकंद लागतील.